साडेपाचला ऐकू येणारा आवाज

वसईजवळच्या गिरीज गावातल्या एका आळीत क्लेमेंट नुनीसच्या घरी देवाशी बोलायचं काम आल्बिनाकडे होतं. तसं कुणी ठरवून दिलं नव्हतं. लग्न होऊन ती अर्नाळ्याहून या घरात आली, तेव्हा पहिल्याच पहाटे साडेपाचला उठून तिने आल्तारासमोर, म्हणजे घरातल्या येशूच्या देव्हाऱ्यासमोर, मेणबत्ती लावली, गुडघे टेकले आणि प्रार्थना सुरू केली. त्यानंतर छत्तीस वर्षं तिने ती वेळ चुकवली नाही. बाळंतपणातही खाटेवर बसून तोंडातल्या तोंडात पुटपुटत राहिली.

क्लेमेंट त्या वेळी घरापुढच्या ओट्यावर चहाचा कप घेऊन बसलेला असे. त्याचं आयुष्य वालीवच्या एका कारखान्यात लेथ मशीनवर उभं राहण्यात गेलं. रविवारी तो चर्चमध्ये मिस्साला जायचा, पण मागे दाराजवळ उभा राहायचा, म्हणजे मिस्सा संपल्यावर सगळ्यांच्या आधी बाहेर पडता येतं. देव नाही असं त्याला कधी वाटलं नाही. असेलच, तर आल्बिना त्याच्याशी बोलून घेतेय, आपण मध्ये कशाला, असा त्याचा साधा हिशेब. आतून तिचा आवाज यायचा, चहा संपायचा, शेवटच्या 'आमेन'ला हा बाहेरूनच कपाळाला बोट लावून क्रुसाची खूण करायचा आणि दिवस सुरू व्हायचा.

जानेवारीतल्या त्या मंगळवारीही तो तसाच बसला होता. आता निवृत्त झालेला, घाई कसलीच नाही. आतून 'हे आमच्या स्वर्गीय पित्या' चाललं होतं. मध्येच आल्बिनाचे शब्द जड झाले, एकमेकांवर घसरायला लागले. त्याला वाटलं जांभई आली असेल, थंडीचे दिवस, झोप पुरली नसेल. त्याने चहाचा आणखी एक घोट घेतला. मग आवाज थांबला. 'आमेन' आलं नाही म्हणून त्याने मान वळवून पाहिलं, तर आल्बिना आल्तारापुढे कुशीवर पडलेली. उजवा हात अंगाखाली दुमडलेला आणि तोंड एका बाजूला ओढलेलं.

डॉक्टर नंतर म्हणाले की त्या मिनिट-दीड मिनिटाने काही फरक पडला नसता. क्लेमेंटने मान हलवली. पण तो घोट त्याच्या घशात कायमचा अडकून राहिला.

अठरा दिवसांनी आल्बिना घरी आली. उजवी बाजू लुळी पडली होती आणि बोलणं गेलं होतं. एकच अक्षर उरलं होतं, 'ते'. भूक लागली की 'ते', कूस बदलायची असली की 'ते', मुलगा एरॉल मस्कतहून व्हिडिओ कॉलवर दिसला की रडत रडत 'ते, ते, ते'. तो बिचारा फोनवर "मम्मी, काय म्हणतेस? पप्पा, ती काय म्हणते?" असं विचारत राहायचा आणि क्लेमेंट अंदाजाने काहीतरी सांगून टाकायचा. "तू जेवलास का विचारते."

तिची खाट त्याने बाहेरच्या खोलीतच लावली, आल्ताराच्या समोर, कारण तिथेच उजेड होता. मेणबत्ती मात्र लावली नाही. तीही सवय तिचीच होती. शिवाय त्याच्या मनात एक काटा होता. सबंध आळीत रोज पहाटे उठून देवापुढे गुडघे टेकणारी बाई एकच, आणि घाव पडला तो तिच्यावर, तोही गुडघे टेकलेले असताना. भेटायला येणारे दोन्ही हात जोडून "देवाची इच्छा" म्हणायचे. क्लेमेंट त्यांना खुर्ची द्यायचा, पाणी द्यायचा आणि मनात म्हणायचा, ही इच्छा असेल तर त्याने ती आपल्यापाशीच ठेवावी.

पहिले तीन महिने कसे गेले ते त्याला पुढे आठवेना. दर दोन तासांनी तिची कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतील. डायपर, अंग पुसणं, भाताची पेज चमच्याने भरवणं, ठसका लागला की पाठ चोळणं. सकाळी कामाला एक बाई यायची, तीही तासाभरासाठी. क्लेमेंट उभ्या उभ्या झोपायला शिकला. एकदा गॅसपाशी दूध तापवताना डोळा लागला आणि दूध करपल्याच्या वासाने जाग आली. स्वतःशीच बोलायला लागलाय असं शेजारच्या मर्सीमावशीने सांगितलं, तेव्हा त्याला ते खरं वाटलं नाही.

आल्बिना सगळं निमूट सोसायची. फक्त पहाटे साडेपाच वाजले की तिचं काहीतरी बिनसायचं. डाव्या हाताने खाटेची दांडी बडवायची, 'ते, ते' करत डोळे मोठे करायची. क्लेमेंट धडपडत उठायचा. पाणी पाजायचा, डायपर बघायचा, उशी सरकवायचा, पंखा कमी-जास्त करायचा. काही केलं तरी दांडी बडवणं थांबायचं नाही. अर्ध्या तासाने तीच थकून गप्प व्हायची.

पंचाहत्तरीची मर्सीमावशी एका पहाटे आल्बिनासाठी पातळ खिचडी घेऊन आली आणि तो प्रकार तिने स्वतः पाहिला.

"अरे क्लेमेंट, घड्याळ बघ जरा," ती म्हणाली. "प्रार्थनेची वेळ झालीय तिची."

"मग? तिला बोलता येतं का?"

"तुला येतं ना."

"माझ्यात आता तेवढं बळ नाही, मावशी. आणि खरं सांगू? इच्छाही नाही."

"इच्छा तुझ्यापाशी ठेव. तोंड चालव."

दुसऱ्या दिवशी पहाटे दांडीचा खडखडाट सुरू झाला तेव्हा क्लेमेंट उठला. ती गप्प व्हावी, आपल्याला आणखी अर्धा तास पडता यावं, यापलीकडे त्याच्या मनात काही नव्हतं. डोळेही नीट न उघडता तो खाटेच्या कडेला बसला आणि त्याने 'हे आमच्या स्वर्गीय पित्या' म्हणायला घेतलं. दांडी बडवणं लगेच थांबलं. तो पुढे म्हणत गेला. 'तुझे राज्य येवो' झालं, 'तुझ्या इच्छेप्रमाणे' इथपर्यंत तो आला आणि अडला. लहानपणापासून हजारदा म्हटलेली ओळ होती, पण ती त्याला पुढे म्हणवेना.

आणि खाटेवरून आल्बिना म्हणाली, "...होवो. आमची रोजची भाकर आज आम्हास दे."

तिचाच आवाज. थोडा घोगरा, पण शब्दन् शब्द सुटा. ती पुढे म्हणत गेली, अपराधांची क्षमा, मोहापासून सुटका, आमेन. कुठेही न अडखळता.

क्लेमेंटने तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "आल्बिना! अगं बोललीस तू! परत बोल. काहीतरी बोल. माझं नाव घे."

तिने त्याच्याकडे पाहिलं. ओठ हलवले, पुन्हा हलवले, कपाळावर शिरा ताणल्या. "ते," ती म्हणाली. "ते... ते."

तो पेला घेऊन आला. आल्बिना मूळची अर्नाळ्याच्या कोळीवाड्यातली, पाण्याला आयुष्यभर 'पानी' म्हणत आलेली. त्यावरून त्याने तिची किती थट्टा केली होती. त्याने पेला तिच्यासमोर धरला. "हे काय आहे? सांग ना. पानी म्हण. तुझ्या माहेरचं पानी."

"ते," आल्बिना म्हणाली, आणि रडायला लागली.

ही गोष्ट मर्सीमावशीच्या पोटात राहणं शक्य नव्हतं. आठवड्याभरात पहाटे दारात चपला दिसायला लागल्या. आधी आळीतल्या तिघी-चौघी, मग पलीकडच्या आळीतल्या. मुकी आल्बिना फक्त देवाचं नाव आलं की बोलते, असं तोंडातोंडी पसरलं. कुणी खाटेला हात लावून तो कपाळी टेकवला. कुणी आपला दवाखान्याचा रिपोर्ट, कुणी मुलाच्या परीक्षेचा नंबर उशीखाली ठेवून गेलं. एका पोराने मोबाईलवर तिचा व्हिडिओ काढला. तोंड वाकडं, गळ्याभोवती लाळेचा रुमाल, आणि ती 'नमो मरिये' ही प्रार्थना म्हणतेय. तो व्हिडिओ एरॉलला मस्कतला तिसऱ्याच कुणाकडून मिळाला. त्याने लगेच फोन केला. म्हणाला, "पप्पा, मम्मीचे केस तरी विंचरायचे होते."

क्लेमेंटने कुणाला अडवलं नाही. माणसांवर ओरडायलाही ताकद लागते.

बोलण्याचे व्यायाम शिकवायला हेमांगी राऊत म्हणून एक मुलगी आठवड्यातून दोनदा विरारच्या मनवेलपाड्याहून स्कूटरवर यायची. क्लेमेंटने तिला अधीरपणाने सगळं सांगितलं. ती लक्ष देऊन ऐकत राहिली. मग आल्बिनाजवळ बसली, तिचा डावा हात हातात घेऊन म्हणाली, "काकी, माझ्याबरोबर म्हणा हं. सोमवार, मंगळवार..."

"बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार," आल्बिना म्हणाली.

"एक, दोन, तीन..."

आल्बिना वीसपर्यंत गेली.

क्लेमेंट बघत राहिला. हेमांगी त्याला ओट्यावर घेऊन आली. "काका, असं होतं बऱ्याच पेशंटमध्ये. जे आपण वर्षानुवर्षं तोंडपाठ म्हणतो, ते मेंदूत वेगळ्या ठिकाणी साठलेलं असतं. विचार करून बोलायची जागा गेली तरी ते राहतं. प्रार्थना, पाढे, गाणी. चांगलं लक्षण आहे, आपण त्याचा उपयोग करून बघू."

"म्हणजे बटण बंद केल्यावर चक फिरत राहतो, तसं," क्लेमेंट म्हणाला. लेथवर लोखंडाचा तुकडा ज्यात पकडून फिरवतात तो चक वीज गेल्यावरही काही क्षण आपल्याच वेगात फिरत असतो.

"साधारण तसंच."

"मग ती काय म्हणते ते तिला कळत नाही?"

"ते मला नाही सांगता येणार, काका. कळत असेलही. कळत नाही असंही म्हणता येत नाही."

त्या दिवसापासून क्लेमेंटच्या डोक्यात तो चक फिरायला लागला. तिला कळत नसेल, तर रोज सकाळी खाटेवरून येतो तो आवाज कुणाचा? आणि कळत असेल, तर जिच्याबरोबर छत्तीस वर्षं काढली ती बायको देवाशी घडाघडा बोलते आणि नवऱ्यासाठी तिच्याकडे एकच अक्षर उरतं, हा कुठला न्याय? मत्सर हा शब्द त्याला सुचला नाही. पण आल्ताराकडे पाहिलं की छातीत जे जळायचं ते तेच होतं.

रविवारी मिस्सा संपल्यावर तो पहिल्यांदाच सगळे बाहेर पडेपर्यंत थांबला. फादर स्टीवन चाळिशीचे, या चर्चच्या धर्मग्रामात येऊन दोनच वर्षं झालेली. त्या सकाळची त्यांची तिसरी मिस्सा होती आणि ते बाकावर बसून बूट सैल करत होते.

"फादर, ती तुमच्या देवाशी बोलते, माझ्याशी नाही," क्लेमेंट म्हणाला. कुठून सुरुवात करायची ते त्याला कळत नव्हतं, म्हणून शेवटापासूनच सुरुवात झाली. मग सगळंच बाहेर आलं. तो चहाचा घोट, अडलेली ओळ, चक, सगळं.

फादर ऐकत होते. क्लेमेंटला वाटलं, आता बायबलमधल्या, सगळं सोसूनही देवाला न सोडणाऱ्या ईयोबाची गोष्ट सांगतील. ते म्हणाले, "क्लेमेंटभाऊ, माझंही फार वेगळं नाही."

"तुमचं?"

"मीही रोज पहाटे प्रार्थनेचं पुस्तक उघडतो. बरेच दिवस असे जातात की तोंड शब्द म्हणतं आणि आत काहीच नसतं. रिकामी खोली. मागचं सबंध वर्ष तसंच गेलंय." त्यांनी बुटाची नाडी बांधली, पुन्हा सोडली. "हे मी कुणाला सांगत नाही."

"मग म्हणता कशाला?"

"सोडून दिली तर काय उरेल, ते बघायची हिंमत नाही होत."

क्लेमेंटला त्यातून काही आधार मिळाला असं नाही. फक्त चालत घरी येताना त्याला वाटलं की हा माणूसही आपल्याइतकाच दमलाय.

पण एक गोष्ट त्याने केली. दुसऱ्या पहाटे दारात उभं राहून त्याने जमलेल्या बायांना सांगितलं, "उद्यापासून कुणी येऊ नका. ती आजारी आहे, तिला आराम हवाय." बाया कुजबुजत गेल्या. मर्सीमावशी मात्र हलली नाही.

"मलाही?"

"तुम्हीच गावभर केलंत ना, मावशी?"

म्हातारीचा चेहरा पडला. ती पदर सावरत निघून गेली आणि त्यानंतर तिच्या घरून खिचडी आली नाही.

आता पहाटे दोघंच असायची. क्लेमेंट साडेपाचला उठायचा, मेणबत्ती लावायचा, पहिली ओळ म्हणायचा आणि थांबायचा. पुढची आल्बिना म्हणायची. तो प्रार्थना करत नव्हता, बायकोचा आवाज ऐकत होता. दिवसभरात तो ऐकायला मिळायचा एवढाच. हळूहळू त्याची हाव वाढली. आधी एक 'नमो मरिये', मग दहा, मग सबंध रोझरी, म्हणजे पाच रहस्यांची सगळी जपमाळ. ऐन पावसाळ्यात एका सकाळी रोझरी संपल्यावर त्याने लगेच पुन्हा सुरू केली आणि ती संपल्यावर तिसऱ्यांदा. आल्बिना म्हणत गेली. सुरू झालं की तिला थांबता येत नसे, ते त्याला ठाऊक होतं. तिसऱ्या वेळी मध्येच त्याचं तिच्या तोंडाकडे लक्ष गेलं. ओठ कोरडे पडले होते, डोळ्यांतून पाणी कानांकडे वाहत होतं आणि शब्द तरीही येतच होते.

क्लेमेंटने घाईने तिच्या ओठांवर हात ठेवला. "बस. बस झालं. चुकलं माझं."

तळव्याखाली ओठ थोडा वेळ हलत राहिले, मग थांबले. त्याने चमच्याने तिला पाणी पाजलं. त्या दिवशी तो तिच्याशी खूप बोलला. तो चहाचा घोट, जो त्याने फक्त फादरना सांगितला होता, तोही तिला सांगितला. "तुझा आवाज जड झालेला मला ऐकू आला होता," तो म्हणाला. "मी उठलो नाही." आल्बिनाने डावा हात उचलून त्याच्या डोक्यावर ठेवला. म्हणाली, "ते." हात बराच वेळ तिथेच होता. तिला कळलं की नाही, हा प्रश्न त्या वेळी त्याला पडला नाही. पुढे मात्र पुष्कळदा पडला.

सप्टेंबरात दुसरा झटका आला. लहान होता, डॉक्टर म्हणाले. चार दिवसांत घरीही सोडलं. पण या वेळी तो मेंदूच्या दुसऱ्या बाजूला आला आणि जे काय उरलं होतं ते घेऊन गेला. क्लेमेंट 'हे आमच्या स्वर्गीय पित्या' म्हणून थांबला, तर खाटेवरून काहीच आलं नाही. त्याने पुन्हा म्हटलं. हेमांगीने वार म्हणून पाहिले, अंक म्हणून पाहिले. 'ते'सुद्धा आलं नाही. आल्बिना डोळे उघडे ठेवून पडलेली असायची आणि दांडी बडवायला आता डावा हातही उचलत नव्हता. जाताना हेमांगी ओट्यावर थांबली आणि "काका, तुम्ही जेवत जा वेळेवर," एवढंच म्हणून स्कूटर सुरू केली.

त्यानंतर क्लेमेंटने पहाटे उठणं सोडलं. ऐकायलाच काही उरलं नव्हतं, मग कशासाठी उठायचं? पाच दिवस तो सातपर्यंत झोपला, म्हणजे झोपायचा प्रयत्न केला. साडेपाचला डोळे आपोआप उघडायचे. घर इतकं शांत असायचं की मागच्या विहिरीचा पंप चालू झालेला ऐकू यायचा. सहाव्या दिवशी पडल्या पडल्या त्याने मान वळवून आल्बिनाकडे पाहिलं. तीही जागी होती. छताकडे पाहत नव्हती, आल्ताराकडेही नाही. तिचे डोळे त्याच्यावर होते. किती वेळ, ते त्याला माहीत नव्हतं. कदाचित पाचही दिवस.

तो उठला. मेणबत्ती सापडली, काडेपेटी ओलसर निघाली, चौथी काडी पेटली. त्याने तिच्या शेजारी बसून प्रार्थना म्हटली, सगळी, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, स्वतःच्या तोंडाने. आवाज त्यालाच परका वाटत होता. काही दिलासा मिळाला नाही, अंगावर काटा आला नाही. पाठ दुखत होती. पण संपवून तो वळला तेव्हा आल्बिनाचे डोळे मिटलेले होते आणि श्वास संथ चालला होता.

चारेक दिवसांनी तो स्वतः मर्सीमावशीच्या दारात गेला.

"मावशी, एकट्याने रोझरी होत नाही. अर्धं म्हणायला कुणीतरी लागतं."

"पाच महिन्यांनी आठवण झाली?"

"चुकलो. तुम्हाला तसं बोलायला नको होतं."

म्हातारी भाजी निवडत होती. तिने हातातली चवळीची जुडी संपवली, देठं बाजूला केली. "देवावर राग आहे का अजून?"

"राग करायलाही जोर लागतो. तो आहे की नाही तेच मला आता सांगता येत नाही. नका विचारू. मी वेळ पाळतो, तेवढंच."

"तेवढं पुरे," मर्सीमावशी म्हणाली. "पण चहा तू करायचास. माझे गुडघे नाही चालत सकाळी."

तेव्हापासून ती रोज येते. आता नोव्हेंबर आहे, पहाटे हवेत गारवा असतो. म्हातारी शाल गुंडाळून प्लास्टिकच्या खुर्चीवर बसते, क्लेमेंट खाटेच्या कडेला. 'नमो मरिये'चं पहिलं अर्धं तो म्हणतो, 'पवित्र मरिये'पासूनचं ती. नाताळला एरॉल येणार आहे. मम्मीला मस्कतला नेता येत नाही, निदान पप्पाला मदतीला चोवीस तासांची नर्स ठेवू या, म्हणतो. क्लेमेंट बघू म्हणालाय. फादर स्टीवन महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आल्बिनासाठी कम्युनियनचा ख्रिस्तप्रसाद घेऊन येतात तेव्हा दोघं फार बोलत नाहीत. "चालू आहे ना?" फादर विचारतात. "चालू आहे. तुमचं?" "चालू आहे." मग ते चहा पितात.

गेल्या बुधवारी क्लेमेंटला रोझरीच्या मध्येच झोप लागली. रात्री चारदा उठावं लागलं होतं. तिसऱ्या रहस्याच्या कुठल्याशा मण्यावर त्याचं डोकं आल्बिनाच्या पायांवर टेकलं आणि तसंच राहिलं. जाग आली तेव्हा ऊन खिडकीतून आत आलं होतं, मेणबत्ती विझवलेली होती आणि त्याच्या अंगावर कुणाची तरी शाल होती. मर्सीमावशी आल्बिनाचे केस विंचरत होती.

तो दचकून सरळ बसला. "कुठपर्यंत आलो होतो, मावशी?"

"संपली ती केव्हाच. तुझं अर्धंही मीच म्हटलं. कामवाली यायला अजून वेळ आहे. पड तू."

क्लेमेंटने आल्बिनाकडे पाहिलं. ती जागी होती. त्याने पुन्हा डोकं टेकवलं.